सुईदोऱ्याला दाढी

माझ्या बायकोची उत्तरं एका दाढीवाल्याच्या तोंडी घातली गेली, आणि यात चूक कुणाचीच नाही असं मला सांगण्यात आलं.

ती कपडे शिवायची. फोनवर शिवणकाम करणाऱ्यांचं एक ॲप आहे. कुणाचं मशीन अडलं, कुणाची बाही चुकली, की लोक तिथे विचारतात आणि जाणकार उत्तर देतात. तिथे तिचं टोपणनाव होतं सुईदोरा. कितीतरी वर्षं ती उत्तरं देत होती. मशीनबद्दल काही विचारलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आधी पेडलवरचा पाय काढा.’ मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. जेवताना मला कामाचे फोन यायचे, तेव्हा मलाही ती तेच म्हणायची.

ती गेल्यावर मुलाने तिचं एकेक खातं बंद केलं. बँकेचं, फोनचं, या ॲपवरचंही. उत्तरं राहिली, पण तिच्या फोटोच्या जागी करडं वर्तुळ आलं आणि नावाच्या जागी ‘सदस्य उपलब्ध नाही’. ते मी सोसलं. उपलब्ध नाही हे खरंच होतं. सकाळी चहाबरोबर मी तिची दोन-चार उत्तरं वाचायचो, मग कामाला निघायचो.

एका सकाळी त्या वर्तुळात दाढी उगवली. काळा चष्मा, रुंद हसू. नाव पुन्हा सुईदोरा. आणि हे सगळ्या उत्तरांवर, अगदी जुन्यात जुन्यावरसुद्धा. ‘लेकाच्या वेळी पोट पुढे आलं होतं, तेव्हा मी मशीनपासून हातभर लांब बसून शिवायची,’ असं तो दाढीवाला सांगत होता.

मी मुलाला फोन लावला.

“बाबा, मी नियमाप्रमाणे बंद केलं. चालू ठेवलं असतं तर कुणीतरी गैरवापर केला असता.”

“मग आता काय चाललंय? आणि बंद करायला आई काय लाइटचं मीटर होती?”

मी फोन ठेवला. त्याच्यावर खापर फोडून काही हाती लागणार नव्हतं. ॲपवाल्यांचं ऑफिस आमच्याच शहरात आहे. मी उठलो आणि गेलो.

तिथल्या इंजिनिअर मुलीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फोन हातात घेऊन बघितलं. तिचा चेहरा उतरला.

“काका, उत्तरात नाव लिहिलेलं नसतं,” ती म्हणाली. “नाव-फोटो एका जागी साठवलेले असतात, उत्तरात फक्त त्यांची खूण. कुणी उत्तर उघडलं की त्या खुणेवरून आम्ही नाव-फोटो तिथून आणून दाखवतो. म्हणजे काकूंनी फोटो बदलला, तर सगळीकडे एकदम बदलायचा.”

“आणि माणूस गेला की?”

“खूण राहते. आम्ही खूण म्हणून टोपणनावच वापरलं. खातं बंद झालं, नाव मोकळं झालं, ते या माणसाने घेतलं. आता खूण त्याच्याकडे बोट दाखवते. प्रत्येकाला कधीच परत न वापरला जाणारा आकडा द्यायला हवा होता. पुढे तसं करू. पण झालेलं...” तिने साहेबांच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं.

साहेब फार गोड बोलले. नवा सदस्य रीतसर आलेला, त्याचं नाव कसं काढणार? माझी हरकतच असेल तर जुनी उत्तरं पुसून टाकता येतील. आजच्या आज.

“म्हणजे चोर ठेवायचा आणि घर पाडायचं,” मी म्हणालो.

“काका, भावना समजते.”

“समजत असती तर पुसायचं बोलला नसतात. राहू द्या. हात लावू नका त्या उत्तरांना.”

निघताना मुलगी जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, “त्या माणसाने स्वतःहून खातं बंद केलं ना, की नाव त्याच क्षणी मोकळं होतं. जो आधी घेईल त्याचं.”

दाढीवाल्याचा नंबर त्याच्याच पानावर होता. पडदे शिवायचं दुकान. आयत्या बिळावर नागोबा, वर जाहिरात. मी फोन लावून विचारलं, माझ्या बायकोची उत्तरं तुझ्या नावावर कशी.

“काका, मला वाटलं नव्या माणसाचं पान रिकामं दिसू नये म्हणून ॲपवाले असं काही भरून देतात,” तो म्हणाला.

“पोट पुढे आलं होतं तेही भरून दिलं?”

“इतकं कोण वाचतंय? लोक धन्यवाद देतात, ऑर्डरी येतात. पिशव्या छापल्यात मी सुईदोरा नावाने. कसं सोडू सांगा.”

“माझी बायको विकून पडदे शिवतोस.”

त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, त्याने उचलला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका बाईने विचारलं, कापड सुईखाली अडकलंय, काय करू. दाढीवाल्याने लिहिलं, ‘दोन्ही हातांनी जोरात ओढा.’ एवढंच. मी वाचलं तेव्हा उशीर झाला होता. ओढता ओढता तिचा पाय पेडलवर दाबला गेला आणि सुई नखातून आरपार गेली. तिने खाली लिहिलं होतं, ‘ताई, तुम्ही आधी पाय काढायला सांगायचात. या वेळी बोलला नाहीत, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोच्या नावाने एका बाईचं बोट फोडलं होतं. मी चप्पल घालतच होतो, तेवढ्यात त्याचाच फोन आला.

“काका, मला हे नाव नको. ती बाई मला ताई म्हणते आणि बोटाचा फोटो पाठवते.”

“दुकान उघडं ठेव. आलो.”

दुकानात पडद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये आम्ही शेजारी-शेजारी बसलो. त्याच्या फोनवर त्याचं खातं, माझ्या फोनवर नव्या खात्याचं कोरं पान. त्याने बंद केलं. मी सुईदोरा लिहिलं, बोट घसरलं, पुन्हा लिहिलं. नाव मिळालं. मग मी तिचा फोटो लावला, मशीनवर वाकलेली असताना मान वर करून पाहते तो. सगळ्या उत्तरांवरून दाढी गेली.

“पिशव्यांचं काय करू?” त्याने विचारलं.

“उलट्या करून शिव.”

घरी येऊन मी तिच्या नावापुढे ‘या बाई आता हयात नाहीत’ असं जोडलं. कुणी फसू नये एवढाच हेतू. पण ते लिहिलं एका जागी आणि उमटलं सगळीकडे. पोट पुढे आलेल्या त्या उत्तरावरही. त्यात सांगितलेल्या दिवसांत ती चांगली हयात होती, लेकाने पोटात लाथा मारल्या की माझ्यावर खेकसत होती. मी ते शब्द पुसले. बोट दुखावलेल्या बाईला मात्र वेगळं लिहिलं: ‘मी त्यांचा नवरा. त्या वारल्या. तुम्हाला चुकीचं सांगणारा दुसराच होता. यापुढे या नावाने कुणी उत्तर देणार नाही.’ माझ्या त्या ओळीवरही तिचाच फोटो आला. त्याला इलाज नव्हता.

मग मुलाला फोन केला आणि पासवर्ड लिहून घ्यायला लावला.

“मी गेल्यावर माझं जे बंद करायचं ते कर. हे करायचं नाही.”

“मग हे कुणाच्या नावावर ठेवू, बाबा?”

“आहे त्याच,” मी म्हणालो.