रोज पाचची टाकी

नत्थुजींच्या पिठाच्या चक्कीला नवा मीटर बसला आणि त्यांच्या डोक्याला घोर लागला. मीटर बसवणारा सांगून गेला होता: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त, पाचनंतर महाग. आणि अंजनगाव सुर्जीच्या त्या गल्लीतली दळणं यायची नेमकी पाचनंतर. बाया दिवसभर वावरात. घरी यायच्या, हातपाय धुवायच्या आणि डबा घेऊन चक्कीवर. म्हणजे दिवसभर चक्की झोपा काढणार आणि संध्याकाळी महागाच्या विजेवर घरघरणार.

दळणाचा भाव वाढवावा, तर चौकात धर्मपालने नवीकोरी चक्की काढून ठेवलेली. भाव वाढला की अर्धी गल्ली तिकडे वळणार आणि नत्थुजींची पस्तीस वर्षांची चक्की भंगारात जाणार.

आधी त्यांनी खरं सांगून पाहिलं. "बाई हो, डबे ठेवून जात जा. मी सकाळी दळून ठेवतो." पण दळण ठेवून जायचं नाही, उभं राहून दळून घ्यायचं, ही तिथली रीतच.

"माहा गहू शरबती हाये," समोरची जहाँआरा म्हणाली. "त्याच्यात कोनाचा रेशनचा मिसळला तं? तुमच्यावर भरोसा नाई असं नाई, नत्थुभाऊ. पन डबा नाई ठेवत."

भरोसा नाही हे सांगायची इतकी सभ्य तऱ्हा नत्थुजींनी आजवर ऐकली नव्हती. खरं बोलून भागत नाही म्हटल्यावर माणसाने करावं तरी काय?

त्यांनी टाकी काढली. चक्कीचा दगड आठ-दहा दिवसांत गुळगुळीत होतो, मग छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा खरबरीत करतात, ती टाकी. टाकीनंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कच येते आणि भाकर दाताखाली करकरते. म्हणून ते पहिलं दळण आपलं नसावं यासाठी प्रत्येक बाई जपते. मूठभर कोंडा फिरवला की दगड साफ होतो, पण हे नत्थुजी कशाला सांगतील!

दुसऱ्या दिवशी पाच वाजता चक्कीमागून ठकठक ऐकू आली. नत्थुजी घाम पुसत बाहेर आले. "आत्ताच टाकी लावली. पह्यलं दळन कोन घालते?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीने डब्याला फडकं बांधलं, दुसरीने बांधलं, आणि "माहं पह्यलं नोको" असं बजावत डबे ओळीने ठेवून सगळ्या घरी गेल्या. सकाळी नऊला नत्थुजींनी स्वस्तात सगळं दळलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ठकठक. "दगड नवा हाये, बसाले वेळ लागते," ते म्हणायचे. ठोकत होते ते परसातल्या जुन्या, टाकून दिलेल्या दगडावर. चक्कीच्या दगडाला छिन्नीचा वाराही लागला नव्हता.

पंधरा दिवस डाव झकास चालला. फक्त संध्याकाळी नत्थुजींना करमेना. बाकडं रिकामं. कोणाची सून रुसली, कोणाची बकरी कोणाच्या तुरीत शिरली, काही कळायला मार्ग नाही. इतकी वर्षं ते म्हणायचे की या बायांनी कान किटवले. आता त्याच कानांना सुनं सुनं वाटत होतं. पण हे सांगणार कोणाला?

सोळाव्या दिवशी ठकठक करून ते बाहेर आले, तर जहाँआरा सात-आठ बायांना घेऊन उभी.

"आज पह्यलं दळन मी आनलं," ती म्हणाली. "अकोटले माह्या अब्बाची चक्की होती. त्यायचा कायदा होता, टाकीनंतरचं पह्यलं दळन चक्कीवाल्याच्या घरचं."

तिने पुढे केलेल्या डब्यावर ठळक नाव कोरलेलं होतं: सौ. कौशल्या. लग्नातला डबा. आणि डब्याची मालकीण, म्हणजे नत्थुजींची बायको, दारात उभी.

"उद्या वावरात रोडगे हायेत," कौशल्याबाई म्हणाल्या. "गल्लीले जेवाले सांगतलं. दळा."

पीठ मऊ निघालं तर खोटं उघडं पडणार. क्षणभर नत्थुजींची नजर कोपऱ्यातल्या रेतीच्या टोपल्याकडेही गेली. पण बायकोच्या हातच्या, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यात रेती? इतके ते बिघडले नव्हते. त्यांनी बटण दाबलं.

पीठ पडायला लागताच जहाँआराने चिमूटभर तोंडात टाकलं. मग सगळ्यांनी. सगळ्या गंभीरपणे चावत राहिल्या.

"कच कुठी हाये?" जहाँआराने विचारलं.

नत्थुजींनीही एक चिमूट घेतली. बराच वेळ चावली. "हाये थोडीशी," ते म्हणाले.

"तुमचा दात पडला असन," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि चक्की हसण्याने दणाणून गेली.

जहाँआरा परसात जाऊन तो जुना दगड बघून आली. "खोटं बोलाले इतकी मेहनत? तेवढ्यात दोन गोन्या दळून झाल्या असत्या."

नत्थुजींनी मान खाली घातली. "पाचनंतरच्या महाग विजेनं चक्की बंद पडली असती, भाभी," ते म्हणाले. ते मात्र खरं होतं, आणि ते ऐकून हसणं थांबलं.

मग बायांनी तिथेच निवाडा केला. डबे ठेवून जायचे, दळण दिवसा व्हायचं. पण नऊ ते पाच चक्कीवर कौशल्याबाईंनी बसायचं.

"त्यायच्यावर भरोसा हाये," जहाँआरा म्हणाली.

आता कौशल्याबाई दिवसभर खुर्ची टाकून बसतात आणि नवऱ्याच्या हातांवर डोळा ठेवतात. पाचला चक्की बंद होते. मग बाया पीठ न्यायला येतात आणि जात नाहीत. पहिल्या संध्याकाळी नत्थुजी बाकड्यावरून उठून पंख्याच्या बटणाकडे गेले, तेव्हा सगळ्यांना वाटलं: महागाची वीज, आता हा बंद करणार. कौशल्याबाई म्हणाल्या, "काहून? पंखाई खुपते का आता?"

नत्थुजींनी एरवी दोनवर चालणारा पंखा पाचवर केला. तुळईवर साचलेलं कित्येक वर्षांचं पीठ भसकन खाली आलं. बाया शिव्या घालत पदर झटकू लागल्या. नत्थुजी भुवयांपर्यंत पांढरे झाले आणि बाकड्यावर जाऊन बसले.

"हं," ते म्हणाले, "बकरी कोनाच्या तुरीत गेली होती?"