कॅस्पेरियनच्या हातात काय होतं?

तुरुंगाच्या अंगणातल्या सिमेंटच्या टेबलाशी दर शनिवारी खोटी सुनावणी भरायची. कमिशनर, म्हणजे कैद्याला मुदतीआधी सोडायचं की नाही ते ठरवणारा, व्हायचा तेओफिलो. पॅरोल बोर्डाने चार वेळा हात हलवत परत पाठवलेला माणूस तो, बोर्डाचे प्रश्न त्याच्याइतके कुणाला पाठ असणार? समोर बसायचा वेंडेल. सव्वीस वर्षं आत काढलेली आणि खरी सुनावणी अकरा दिवसांवर आलेली. सर्टिफिकेटांची चळत, ‘माझ्याकडे खोली आहे’ असं बहिणीचं पत्र, दारूपासून लांब कसा राहणार याचा लेखी बेत, सगळं जय्यत तयार होतं.

"गोळी का झाडलीस?"

"साहेब, मी दुकान लुटत होतो, तेवढ्यात दुकानदार कॅस्पेरियनने गल्ल्याखालून काहीतरी काढलं. मला वाटलं पिस्तूल. घाबरलो. पण चूक माझीच."

"पोपट आहेस नुसता! बरं, खरंच काय होतं त्याच्या हातात?"

"पिस्तूल नव्हतं, एवढं माहीत आहे."

"सव्वीस वर्षांत एकदाही बघावंसं वाटलं नाही? धन्य आहे तुझी!"

त्या प्रश्नाने वेंडेलची पाठच धरली. जेवताना तेच, कपडे धुताना तेच. किल्ल्या असतील? लायटर? त्याने गुन्हा कबूल केला म्हणून खटला चाललाच नव्हता, आणि फायलीतली त्याने वाचली होती ती फक्त स्वतःबद्दलची पानं. शेवटी न राहवून त्याने पलंगाखालचं खोकं ओढलं. सत्तेचाळिसाव्या पानावर पोलिसांनी लिहिलं होतं: उजव्या हातात चष्मा, एक काडी उघडलेली.

लहानपणी वेंडेल याच कॅस्पेरियनच्या दुकानातून आईसाठी पाव आणायचा. टोपी डोळ्यांवर ओढलेला हा कोण, एवढंच म्हाताऱ्याला बघायचं होतं. आणि त्याने ते बघू नये, म्हणूनच गोळी सुटली होती. पिस्तुलाची गोष्ट वेंडेलने इतक्यांदा सांगितली होती, की त्यालाच ती खरी वाटू लागली होती.

"हे तिथे बरळू नकोस," ते ऐकून तेओफिलोने बजावलं. "आधीच्या जबानीशी जुळत नाही म्हणून अडकवून ठेवतील तुला."

सुनावणीला व्हिडिओच्या पडद्यावर दोन कमिशनर होते आणि बाजूच्या चौकटीत कॅस्पेरियनची मुलगी आनुश. प्रश्न आला तोच, ठरलेला. वेंडेलने पाठ केलेलं उत्तर गिळलं आणि चष्म्याचं, पावाचं, टोपीचं, सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी तेओफिलो टेबलाशी वाट बघत होता.

"काय झालं?"

"नामंजूर. तीन वर्षांनी या म्हणाले. हे तुम्हाला आत्ताच उमगलंय, जरा मुरू द्या म्हणाले."

"गाढवा! सांगितलं होतं ना तुला?" तेओफिलो चिडून उठला आणि परत बसला. "आणि ती मुलगी? ती काही बोलली?"

डोळे पुसून वेंडेल म्हणाला, "बोलली ना. पप्पांनी तुला ओळखलं असतं, तर आधी तुझ्या आईची तब्येत विचारली असती, म्हणाली."