केनारी फोडणारा दगड

मी एक काळा दगड बोलतोय. दूर पूर्वेच्या समुद्रातल्या बांदा बेटांवरच्या ज्वालामुखीनं उसासा टाकावा तसं मला कधीतरी बाहेर टाकलं. मग मी किनाऱ्यावर पडून राहिलो. लाट यायची, पाठीवरून हात फिरवून जायची. आयुष्य म्हणजे ही एकच लांबलचक दुपार, असं मला वाटायचं.

एका सकाळी नुरिया नावाच्या नव्या नवरीनं मला उचललं. माझ्या पाठीवरच्या खळग्यात तिनं केनारी नावाच्या झाडाची बी ठेवून पाहिली. बरोब्बर बसली.

"हाच घ्यायचा," ती म्हणाली.

"एवढा मोठा किनारा, आणि तुला धोंडाच आवडला?" तिचा नवरा हामुनी हसला.

"तुम्ही नाही का आवडलात?"

तेव्हापासून मी त्यांच्या मागच्या दाराशी आहे. घरामागं केनारीची उंचच उंच झाडं. वर कबुतरं घुमायची, गर खाऊन बिया खाली टाकायची. नुरिया टोपलीभर वेचून आणायची, एकेक बी माझ्या खळग्यात उभी धरायची आणि कोयत्याच्या पाठीनं एकच ठोका घालायची. टक्. टणक कवचातून बदामासारखा पांढरा दाणा निघायचा. त्या टक्-टक्‌नं मला गुंगी यायची. अशा गुंगीत किती वर्षं गेली, कळलंच नाही. मधे दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, लग्न होऊन दुसऱ्या बेटांवर गेल्या.

चांगले दाणे बंदरावरच्या मिठाईच्या दुकानात जायचे. हामुनी होडी चालवायचा. येता-जाता सुपातून मूठ भरायची, हा त्याचा परिपाठ. तळलेले, साखरेत घोळलेले, कसलेही दाणे त्याला चालायचे.

एके दिवशी दोन नावाड्यांनी त्याला धरून घरी आणलं. त्याचा हात छातीवर होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थोड्या दिवसांनी दवाखान्यातली नर्स रोस्तिना घरी आली आणि माझ्याशेजारीच पाटावर बसली.

"काका, तळलेली केळी बंद. त्याच्या जागी केनारी खा. पण दिवसाला एक मूठ. तळायची नाही, मीठ नाही, साखर नाही."

"औषधच आहे, तर तीन मुठी का नको?"

"तेल भरपूर असतं त्यात. मूठभर काळजाला बरी. सूपभर खाल तर पोट सुटेल."

हामुनीनं पंजा पसरला. वल्ही मारून मारून तो चांगलाच रुंद झाला होता. "ही घ्या मूठ."

"याला मूठ नाही, होडी म्हणतात," रोस्तिना म्हणाली. "काकूंच्या मुठीनं मोजायचं."

नुरियानं सुपातून मूठ भरली. दाणे निघाले सोळा. हामुनीचं तोंड उतरलं.

रोस्तिनानं मात्र नुरियाचं मनगट हातात धरलं. तिची बोटं त्या मनगटाभोवती सहज मिटली, वर जागा उरली. "काकू, तुम्ही रोज किती खाता?"

"मला काय झालंय?"

"विचारलं ते सांगा."

नुरिया टरफलं झाडू लागली. "फोडणाऱ्यानं खायचं नसतं, बाई. एक तोंडात गेला की मागून दुसरा जातो. मग दुकानात काय पाठवू?"

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

वर कबुतरं घुमत राहिली. माझ्या कुशीतून लाखो दाणे निघाले असतील, आणि त्यातला एकही तिच्या ओठांपर्यंत गेला नव्हता. इतकी वर्षं मी तिच्या गुडघ्याला टेकून होतो, तरी हे मलाही कधी जाणवलं नाही. हामुनी तिच्या हाताकडे पाहत होता. तो हात त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

दुसऱ्या सकाळी माझ्यासमोर तो येऊन बसला. पहिला ठोका त्याच्याच अंगठ्यावर बसला. दुसऱ्यानं दाण्याचा भुगा झाला.

नुरिया दारात आली. "अहो, दाणे आहेत ते. वैरी नाहीत."

"तू बस इथं."

उन्हं अंगणात येईतो त्यानं कसेबसे सोळा दाणे जमवले, निम्मे तुटकेच. ते त्यानं तिच्या तळहातावर ठेवले.

"हे दुकानाचे ना?" तिनं विचारलं.

"दुकान थांबेल."

ती कितीतरी वेळ त्या दाण्यांकडे पाहत राहिली. मग एक तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश चावला.

"गोड असतो की हो," ती म्हणाली.

हामुनी उठून पाणी आणायला गेला. त्याला बराच वेळ लागला.

आता माझ्या कडेला रोज सकाळी दोन छोटे ढीग पडतात, सोळा-सोळाचे. नुरियाच्या गालांवर थोडी भर आलीय. हामुनीचा श्वास चढ चढताना पूर्वीसारखा अडत नाही. माझा खळगा मात्र फार खोल गेलाय आणि त्यातून केसाएवढी एक चीर धावतेय. एखाद्या ठोक्याला माझे दोन तुकडे होतील. त्याचं भय वाटत नाही. पुन्हा निपचित पडून राहणं दगडाला जड नसतं.

तोवर एकच मागणं आहे. कुणी दाणे फोडून तुमच्या हातावर ठेवले, तर तोंडात टाकण्याआधी त्या माणसाचा स्वतःचा हात रिकामा तर नाही ना, तेवढं पाहा.