तारेवरचा शर्ट

वरून दुसरं बटण सुतळीनं शिवलेलं होतं. दोरा सापडला नाही म्हणून बाबांनी गोणीची सुतळी दाभणानं ओवली होती, आणि आता तिच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब लोंबत होता... सुटत नव्हता... सुटला. शर्ट तारेवर होता. धुतलेला.

कोंबड्यांना दाणे टाकून आलेली ती, रिकामं टोपलं कमरेशी धरून तिथंच थबकली. कॉलरला नाक लावून पाहिलं. साबण. नुसता साबण.

“वास मारत होता,” आई आतून म्हणाली. “माणसानं घालायचा कपडा, धुवायला नको?”

त्या वासावर तर सगळं उभं होतं. बाबा गेले आणि गाईनं पान्हा चोरायला सुरुवात केली. आईला लाथ, शेजाऱ्याला लाथ, बादली उपडी. शेवटी तिनं खुंटीवरचा हा शर्ट चढवला, बाह्या दुमडल्या. गाईनं हुंगलं, आणि दूध सोडलं. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला, गाय तुझ्यापेक्षा हळवी निघाली म्हणाला, आणि मग नेहमीचं – तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे. बाहेरून कडी घालावी तसा तो शब्द.

रजा वाढवून वाढवून संपत आलेली. शहरातल्या खोलीत तिची पुस्तकं धूळ खात असणार. गाय असेपर्यंत आई इथून हलणार नाही, आणि परक्या हाताला दूध न देणारी गाय कुणी घेणार नाही – एका गाठीत दुसरी गाठ. दूधवाला तेवढा म्हणाला होता, संध्याकाळी येऊन शर्ट घालून बघतो, दिलं दूध तर आजच नेतो. म्हणजे शर्टही गेला असता. बाबांचा उरलासुरला वास गाईबरोबर द्यायचा आणि सुटायचं... मन घट्ट करून ठरवलं होतं तिनं. आता तो वास न्हाणीच्या मोरीतून वाहून गेला होता.

गोठा झाडताना, वाफ्यांना पाणी फिरवताना ती सारखी तारेकडे बघत राहिली. बाबा तिच्या खोलीवर एकदाही आले नाहीत. दर वेळी एकच – ‘ती दुसऱ्या कुणाला देत नाही गं.’ काय खोटी सबब, असं वाटायचं. मुलीपेक्षा गाय मोठी. एकदा तर तिनं फोन मध्येच ठेवून दिला होता.

संध्याकाळी दूधवाला आला. दमट शर्ट पोटावर ताणून बसवत म्हणाला, गाईसाठी नटायची वेळ पहिल्यांदाच आली, काकू. आई हसली नाही. तो बसला, सडांना हात लावला, आणि गाईनं पाय झाडला. पुन्हा बसला. कास तटतटलेली, आणि थेंब नाही. जनावराला तसं ठेवता येईना. ती स्वतःच्या साध्या कपड्यांतच खाली बसली. आता लाथ येणार म्हणून खांदा आकसून घेतला.

गाईनं मान वळवून हुंगलं. बादलीच्या तळावर पहिली धार वाजली.

दूधवाला शर्टाची बटणं काढत राहिला. मग हळू म्हणाला, “ताई, हिला शर्ट लागत नाही. कधीचाच लागत नसेल. हिला तुम्ही लागता.”

म्हणजे इतके दिवस मी कुणाला फसवत होते... बाह्या दुमडून, श्वास रोखून?

दारात आई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं. तिला ठाऊक होतं? म्हणून धुतला? विचारावं... पण धार तोडता येत नव्हती. हात आपोआप चालत होते, आणि कपाळ केव्हा गाईच्या कुशीला टेकलं ते तिचं तिलाच कळलं नाही. बाबा असेच टेकायचे. ती समजायची, दमलेत.

“दुसऱ्या कुणाच्या हातून बघू का? माझा भाऊ आहे,” दूधवाला म्हणाला.

“ती दुसऱ्या कुणाला देत नाही,” ती म्हणाली.

आणि ते वाक्य आपल्याच तोंडून ऐकताना तिला जाणवलं, की ती तक्रार नव्हती. आवाजात कुठंतरी तोरा होता... बाबांच्याही असायचा. तो तिला गिळता येईना. बादली भरत चालली, धारेचा आवाज जाड होत गेला.