कुकरवाली गेली

माझी लेक गेल्याची बातमी पेपरात छापून आली आणि गावात कुणाला कळलीच नाही.

डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवी झाली, ती उठलीच नाही. बातमी जावईबापूंनी दिली. तिचं कागदोपत्री नाव, आडनाव आणि खाली 'प्रेमळ, मनमिळाऊ, सोज्वळ'. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, ओठ रंगवलेले, केस फुगवलेले. जन्म दिलाय म्हणून मी ओळखलं, नाहीतर मीही पान उलटलं असतं. लोकांनी उलटलंच. माझ्या लेकीला सगळे कुकरवाली म्हणायचे. बाजारामागच्या गल्लीत तिचं दुकान, दोन गिऱ्हाइकं आत असली तर तिसऱ्यानं पोट आत घेऊन उभं राहावं एवढंसं. रबर बदल, दांडा बसव, व्हॉल्व्ह घाल, दिवसभर तेच. आणि मनमिळाऊ म्हणे! करपलेला कुकर घेऊन आलेल्या बाईला ती म्हणायची, "पाणी घालायला काय माहेरहून माणूस बोलवायचा का?" ती बाई पुढच्या वेळी पुन्हा हिच्याकडेच यायची.

जावईबापू नको नको म्हणत असताना मी दुकान उघडायला लागले. मांडणीवर लोकांचे कुकर होते, सगळे दुरुस्त झालेले, आणि एकावरही नाव नाही. लेक चिठ्ठी लावायची नाही. पोच्यावरून, जळक्या बुडावरून कुणाचा कुठला ते ओळखायची. म्हटलं, लोक येतील, आपापला ओळखून नेतील.

लोक आले. पहिलीनंच विचारलं, "ताई कुठंयत?"

मी कुणाच्या बापाला न भिणारी बाई. भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. पण तिला खरं सांगवेना. "आज नाही आली," म्हटलं. दुसरीलाही तेच. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बरं नाही का तिला? विश्रांती घ्यायला सांगा हो. फार राबते पोरगी."

"सांगते," मी म्हणाले.

घरी आल्या आल्या जावयांना म्हटलं, "दुसरी बातमी द्या."

"आई, एकदा दिलीय. अशी परत परत देतात का कुठं? लोक हसतील."

"हसू देत. आत्ता रोज येऊन मला विचारतात, त्यापेक्षा हसलेले परवडले. कुकरवाली गेली असं लिहा. फोटो दुकानातला द्या."

"कुकरवाली?" जावईबापूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. "बायको होती हो माझी ती. लोक असं हाक मारायचे ते मला कधीच आवडलं नाही. तिच्यापुढे बोललो नाही, बोलायची काय बिशाद होती माझी! पण निदान शेवटचं तरी तिचं नाव नीट यावं..."

मला वाटलं होतं, माणसाला बायकोच्या काळ्या हातांची लाज वाटतेय. म्हटलं, "नाव राहू द्या. पण ती कोण होती तेही येऊ द्या."

मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो. मी सांगायची, ते लिहायचे. 'सोज्वळ' त्यांनी आपणहून खोडलं. "सोज्वळ कसली, मला भर बाजारात बावळट म्हणाली होती," ते म्हणाले, आणि हसता हसता डोकं टेबलावर टेकून रडायला लागले. मी पाठीवर हात ठेवला. ती गेल्यापासून मी त्यांना जेवलात का एवढंही धड विचारलं नव्हतं.

फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये निघाला. लेक दारात उभी, एक डोळा मिटून व्हॉल्व्हच्या भोकातून उजेड बघतेय. कपाळावर काजळी.

"कधी काढलात हो हा?"

"डबा द्यायला जायचो ना, तेव्हा. तिला कळलंच नाही."

बातमी आली आणि गल्ली भरली. कुणी कुकर न्यायला आलं, कुणी नुसतंच. ते म्हातारे गृहस्थ दारात उभे राहून म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत." कुठं गेली, कधी येणार, हे मात्र आता कुणी विचारेना. ते सगळं पेपरानं सांगून टाकलं होतं. मला हवं होतं तसंच झालं. मांडणी रिकामी होत गेली आणि मी खुर्चीत नुसती बसून राहू लागले.

शेवटी एकच कुकर उरला. त्याची मालकीण आली ती घामाघूम होऊन, आत शिरताच खाली टेकली. लांबच्या वस्तीवरून आली होती. "बाई कुठं गेल्या? मी आता बोलणी खाणार. किती दिवसांनी येतेय!"

मी तिला पाणी दिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. बोलू दिलं तिला. माझी लेक कशी खेकसते, परत बूड जाळलंस तर कुकर जप्त करीन म्हणते, जिवंत माणसाची कागाळी करावी तसं ती सांगत होती. मी हूं हूं करत ऐकत होते.

"मग कधी येतील?"

मी पेपर तिच्यापुढे धरला. तिनं फोटो पाहिला, ओळखीचं हसली. "अगंबाई, पेपरात आल्या! काय लिहिलंय? मला कुठलं वाचता येतंय. तुम्हीच वाचा."

माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं. ओळीखाली बोट धरलं तरी अक्षरं हलत होती.

"बाजारामागची कुकरवाली..." पुढचा शब्द छोटा होता. तो तोंडातून बाहेर काढायला मला फार वेळ लागला. "...गेली. शिट्टी ऐकल्याशिवाय तिनं कुणाचा कुकर परत दिला नाही. हयगय करणाऱ्याला ती बोलायची आणि काम चोख करून द्यायची. तिच्या मागं तिचा नवरा आहे. तिची आई आहे."

बाईनं आपला कुकर मांडीवर घेतला. झाकणावरून हात फिरवला.

"परत एकदा वाचा हो," ती म्हणाली. "मी नीट ऐकलं नाही."

मी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.