घसरण

ड्रमवर बसलेला लूशस टार्व्हर कुणाच्या बापाला घाबरत नसे. तो घाबरायचा स्वतःच्या उजव्या अंगठ्याला. अंगठा बधिर झाला आणि नाकात जळक्या केसांचा वास आला की समजायचं, फिट येणार. मग सगळं काळं व्हायचं, आणि जाग यायची तेव्हा बायको अर्नेस्टीन उशाशी बसलेली असायची. त्याच्या वडिलांनाही हेच होतं. एकदा ते भर बाजारात पडले. सरकारी गाडी आली, त्यांना वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेली, आणि ते काही परत आले नाहीत. त्यामुळे ओहायोतल्या अख्ख्या डेटन गावात लूशसचं दुखणं एकट्या अर्नेस्टीनला ठाऊक होतं. गाडी का चालवत नाहीस, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "बायको चालवत असताना मी ड्रायव्हर कशाला व्हायचं?"

पंचाहत्तर सालच्या वसंतात रॉझ गेदरने रेकॉर्ड काढायचं मनावर घेतलं. बँड तिचा, सुरावटी तिच्या, इलेक्ट्रिक पियानोवर तीच. जाझमध्ये मुरलेली बाई, पण ओहायोची पोरं कशावर नाचतात तेही तिला पक्कं कळायचं. बेस गिटारवर डेल्मर, ड्रमवर लूशस, बस्स. गालिच्यांच्या दुकानामागे मिस्टर हॅस्किन्सनी स्टुडिओ थाटला होता. न खपलेले गालिचे भिंतींना ठोकलेले. टेप फिरू लागली की तिघांनी एका दमात वाजवायचं.

पहिल्या तीन ट्यून सुरळीत झाल्या. चौथीचं नाव 'घसरण'. तिच्या मध्यावर लूशसचा अंगठा बधिर झाला. काठी आवळून धरल्यामुळे असेल, असं त्याने मनाला समजावलं. तेवढ्यात वास आला.

इथे? यांच्यासमोर? त्याने दोन्ही काठ्या उचलल्या आणि मांड्यांवर दाबून धरल्या. पडायचंच असेल तर निदान ड्रमवर नको. डोळे मिटून तो वाट बघत बसला.

डेल्मर थांबला नाही. लूशसने मुद्दाम जागा सोडलीय, असंच त्याला वाटलं. बेस एकटाच पुढे निघाला, अंधाऱ्या जिन्यावरून कुणी चाचपडत उतरावं तसा. रॉझने मान वर करून पाहिलं, दोन उंच सूर टाकले आणि तीही गप्प झाली.

वास ओसरला. अंगठ्याला मुंग्या आल्या. वाचलो, हे कळताच लूशसने असा घाव घातला की हॅस्किन्सच्या यंत्रावरचा आवाजाचा काटा लाल रेघेपार गेला. तिथून शेवटपर्यंत तो मागे कुत्रं लागल्यासारखा वाजवत सुटला.

"अरे मेल्या!" रॉझ ओरडली. "ही जागा इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीस?"

"आत्ताच सुचली." त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"चला, अजून दोन ट्यून राहिल्यात."

"मला निघायला हवं. अर्नेस्टीनला बरं नाहीये."

"सकाळी तुला सोडायला आली तेव्हा तर ठणठणीत होती!" डेल्मर म्हणाला.

भिंतीला हात लावत लावत लूशस बाहेर पडला.

हॅस्किन्सकडे पुढे महिनाभर तारीख मोकळी नव्हती. रॉझला धीर नव्हता. चार ट्यूनचीच रेकॉर्ड निघाली. डेल्मर सगळ्यांना सांगत सुटला, "सुई टेकवायची आणि मासा तळायला टाकायचा. मासा उलटायच्या आत रेकॉर्ड खलास!" पेपरवाल्याने लिहिलं, भूक छान चाळवलीत, पण जेवण कुठे आहे? रेडिओवर 'घसरण' लागली तेव्हा लोकांनी फोन करून विचारलं, मध्येच रेडिओ बंद पडला होता का? आणि लगोलग म्हणाले, पुन्हा लावा.

एका शनिवारी दुपारी अर्नेस्टीन त्याला स्केटिंगच्या हॉलमध्ये घेऊन गेली. "बघ तरी, पोरं काय करतात ते."

चाकांच्या बुटांवर पोरं गरगर फिरत होती. 'घसरण' मध्यावर आली, ड्रम थांबला, आणि सगळा हॉल जागच्या जागी थिजला. हात वर, तोंडं उघडी, डोळे मिटलेले. लूशसने कठडा गच्च धरला. आपल्याला जे होतं तेच या सगळ्यांना झालंय, असं त्याला वाटलं. घाव पडला, पोरं किंचाळत सुटली.

"घरी चल," लूशस म्हणाला.

ऑगस्टमध्ये चर्चच्या सहलीत वाजवायचं ठरलं तेव्हा त्याची झोप उडाली. ती जागा आता सोडावीच लागणार. आणि नेमकी तेव्हाच खरी फिट आली तर?

"रॉझला सांग," अर्नेस्टीन म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

उद्यानात, वाद्यांच्या ट्रकमागे त्याने रॉझला आणि डेल्मरला एका दमात सांगून टाकलं. रॉझ आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे त्या दिवशी... आणि मी तुला शाबासकी देत होते?"

"मी पडलो तर कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. आणि गाडी बोलवायची नाही, रॉझ. काही झालं तरी नाही."

"आज नको वाजवूस."

"सगळे 'घसरण'साठीच आलेत."

'घसरण' सुरू झाली. जागा आली, लूशसने काठ्या उचलल्या, आणि गवतावरची माणसं हात वर करून थिजली. वास आला तो याच वेळी. त्याला डेल्मरला हाक मारायची होती; जीभ हलली नाही. स्टुलावरून तो कलला तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, हाही खेळच. त्याच्या कानात शेवटचं काही शिरलं असेल तर त्या टाळ्या.

डोळे उघडले तेव्हा वर झाडं होती आणि भोवती पायच पाय. डोकं रॉझच्या मांडीवर. अर्नेस्टीनने हात धरलेला. कुणाचा तरी रविवारी चर्चला घालायचा कोट अंगावर होता. सगळ्यांनी पाहिलं. झालं, संपलं.

"गाडी आली का?" त्याने विचारलं.

"कसली गाडी?" रॉझ म्हणाली. "तुला न्यायला आलेली गाडी आधी माझ्या अंगावरून जाईल."

"सगळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं," अर्नेस्टीन म्हणाली. "तो कोट पाद्रीबुवांचा आहे. लाळ पुसून परत दे."

सोमवारी चर्चमधल्याच एका नर्सने त्याला डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्याच्या दारात तो इतका थांबला की अर्नेस्टीनने त्याला आत ढकललं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. घरी! जिना चढताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

गोळ्यांनी मनगट जड झालं. पुढच्या वर्षीची रेकॉर्ड संथ निघाली, चांगली दोन्ही बाजू भरून. पेपरवाल्याने लिहिलं, जेवण पोटभर, पण तिखट कमी. डेल्मर ते कात्रण घेऊन टार्व्हरांच्या स्वयंपाकघरात आला आणि मक्याचा पाव तोंडात कोंबत म्हणाला, "तिखट हवंय म्हणे. अर्नेस्टीन, तुझ्या मिरच्यांची बाटली पाठवू या का त्याला?"