तोडलेल्या करंज्या

अनुजाने ताटली पुढे केली आणि केवलरामचा हात हवेतच थांबला. ताटलीतली एकूण एक करंजी मधोमध तोडलेली होती.

"अगं बाई!" अनुजाची आई तुळसाबाई कपाळावर हात मारून पुढे आली. "पाहुन्यायच्या पुढ्यात बी तोडूनच आनल्या? माफ करा भाऊ, हातच ऐकत नाही हिचा."

"कावून?" भूपेंद्रने एक तुकडा उचलत हसत विचारले. केवलरामचा हा एकुलता एक मुलगा पोरगी पाहायला वडिलांसोबत जुनवानीहून जामुलला आला होता. अनुजा त्याला दारातच आवडली होती, आणि बेट्याला ते लपवताही येत नव्हते.

तुळसाबाईने नवऱ्याकडे पाहिले. खुर्ची रिकामी असून टिकाराम खाली फरशीवरच बसला होता, नजर जमिनीला.

"लपवून काय करू? हे साडेतीन वर्षं जेलमधी होते. खोटी केस, कोर्टानं निर्दोष सोडलं. ही तवा आठ वर्षांची. डबा घेऊन जावं, तं गेटवरचा शिपाई एकेक करंजी फोडे. वरून हिलेच म्हने, तू खाऊन दाखव, जहर तं नाही ना! अन् हासे. मंग ही घरूनच तोडून नेऊ लागली. आता तिथं तपासनीची मशीन लागली म्हनते, खान्याले हात नाही लावत कोनी. पन हिची सवय काही गेली नाही."

भूपेंद्रचे हसू मावळले. त्याने हातातला तुकडा ताटलीत परत ठेवला.

केवलरामला ती पोर आठवली. दोन लाल रिबिनी, गालभर साखर. आणि आपले ते खिदळणे. शी! जमिनीने पोटात घ्यावे असे त्याला झाले. गेटवर शिपाई काय एकटाच होता? गप्प बसले तर कुणाला कळणार होते?

"तुमी कोन्त्या खात्यात होते, भाऊ?" तुळसाबाईने विचारले. "सोयरीक सांगनारा नुसता सरकारी म्हने."

"बाबा, राहू द्या ना," भूपेंद्र पुटपुटला.

"जेलमधी होतो," केवलराम म्हणाला. "गेटवर. तो शिपाई मीच होतो, बाई."

तुळसाबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. तेवढ्यात टिकाराम उठला. हात पुढे बांधून, मान खाली घालून तो केवलरामसमोर उभा राहिला.

"जी साहेब."

"बसा ना, टिकारामजी." त्या काळी त्याला नाव नव्हते, नंबर होता. "हात जोडतो, बसा."

टिकाराम हलला नाही.

"असं नाही समजत बाबाले," अनुजा म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तरी बरे झाले असते. "तिथल्यासारखं जोरात 'बैठ' म्हना. मंग बसते. घरी आमी बी तसंच म्हनतो."

केवलरामने तोंड उघडले. जन्मभर ओरडून म्हटलेला तो शब्द आज काही केल्या गळ्याबाहेर निघेना. शेवटी तो खुर्चीवरून उतरला आणि गिनतीला कैदी बसतात तसा, टिकारामच्या पायाशी उकिडवा बसला.

टिकाराम उभाच होता.